सफाक्सच्या तेलबाजारातली अर्धी जीभ

होय, बोलतेय ती मीच, सफाक्सच्या तेलबाजारातल्या हाजी लमीन केतातांची जीभ. ऑलिव्हच्या हंगामात लमीन तेल खरेदीला घाण्यावर जायचे, पावाचा तुकडा ताज्या तेलात बुडवून तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे, आणि मी सांगेन तो भाव ठरायचा. कुणी घासाघीस केली नाही. एवढी माझी पत!

मग उजवीकडची अक्कलदाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं, "हाजी, दाढेला लागूनच जिभेची नस जाते. ती दुखावली तर बधिरपणा राहू शकतो."

"काढा," लमीन म्हणाले. "हंगामाच्या आत बरं व्हायचंय."

दाढ निघाली. इंजेक्शनचा अंमल उतरला तसा ओठ जागा झाला, माझी उजवी बाजू मात्र झोपूनच राहिली. दातांखाली चावले गेले, पुदिन्याच्या चहाने पोळले, मला पत्ताच नाही.

लमीनची बायको जलीला हिने घरगुती उपाय काढला. हरिसाचा, म्हणजे आमच्या लाल मिरचीच्या वाटणाचा, चमचाभर गोळा थेट माझ्यावर ठेवला. "झोपली असेल तर उठेल!" उजवी बाजू ढिम्म. डावीने जो थयथयाट केला! लमीन पाणी ढोसत ओरडले, "अगं, जागीला कशाला उठवतेस?"

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं. "नस दुखावलीय. हळूहळू जाण येईल. पूर्ण येईलच, असं वचन देत नाही."

तेवढ्यात हंगाम सुरू झाला. घाण्याचा मालक शाझली याच्या कानावर गोष्ट गेलीच होती. त्याने वाटी पुढे केली. "चाखा हाजी! का जीभ दवाखान्यातच विसरलात?" शेतकरी खो-खो हसले. आम्ही एकदा जरी चुकलो असतो, तर आमच्या शब्दावर तिथे कुणी डबाभर तेल दिलं नसतं.

सवयीने घास उजवीकडे गेला. काहीच नाही. चव सोडा, तेलाचा ओशटपणासुद्धा नाही. मला वाटलं, लमीन आता 'उत्तम' म्हणून वेळ मारून नेणार. पण ते सगळ्यांदेखत म्हणाले, "अर्धी जीभ झोपलीय. थांबा, दुसऱ्या बाजूला विचारतो."

घास डावीकडे आला. मी जीव ओतला. कडवटपणा अगदीच पुसट. मग तेल घशात उतरलं. नवं तेल घशाला झोंबतं, ठसका काढतं. घसा गप्प! आयुष्यभर त्याला मी नुसता दरवान समजले; त्या दिवशी त्याचीही साक्ष घेतली.

"शाझली, यात गेल्या वर्षीचं तेल आहे."

"परीक्षा घेत होतो, हाजी!"

"मग परीक्षेचं तेल घरी ने, आणि विकायचं इकडे आण."

आता हसू शाझलीवर फिरलं. एक म्हातारा शेतकरी आपली वाटी घेऊन पुढे आला. "माझं चाखा, हाजी. लागेल तेवढा वेळ घ्या."

आता हंगाम सरलाय. माझ्या टोकाला मुंग्या येतात; डॉक्टरीणबाई म्हणतात, लक्षण चांगलं आहे. कदाचित थोडी बधिर राहीनही. तुम्ही मात्र दाढ काढण्याआधी नस कुठून जाते ते विचारा, आणि बधिरपणा उतरला नाही तर न लपवता लगेच डॉक्टरांकडे परत जा.

बाकी माझं म्हणाल, तर अर्ध्या जिभेच्या शब्दावर पुरा सौदा करणारा दुसरा बाजार मला दाखवाच!