युरिया दिला कोणी?

टमाट्याची पाच झाडं, आणि पाचांवर मिळून टमाटा एक नाही! लोटन आबांची मतीच गुंग झाली. यावलला चाळीस वर्षं केळी पिकवलेल्या माणसाची जळगावच्या गच्चीवर पाच कुंड्यांनी अशी फजिती करावी, म्हणजे काय?

आणि सगळं अडलं होतं ते या पाच झाडांवरच. आबांना यावलला, आपल्या मळ्यात परत जायचं होतं. मुलगा कुंदन सोडायला तयार नव्हता. "आबा, तुम्ही विसरता हल्ली. परवा पाण्याची मोटार चालूच ठेवलीत," हे त्याचं पालुपद. शेवटी वैतागून म्हणाला, "बरं, गच्चीवर टमाटे लावून दाखवा. फळं नीट धरली तर मी स्वतः पोचवून येतो." आबा मनातल्या मनात हसले होते. टमाटे! हा तर डाव्या हातचा मळ.

त्यांनी कसर कुठं ठेवली नव्हती. अर्धी माती, अर्धं मुरलेलं शेणखत, फुलाच्या वेळी मूठमूठ राख, पाणी रोज मापानं. तरी झाडं माजली. खोडं अंगठ्याएवढी, पानं काळपट हिरवी, आणि फुलं चार आली ती गळून गेली. हे युरिया जास्त झाल्याचं लक्षण, आबांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. मग झाड पानांतच रमतं, फळाचं नाव काढत नाही.

पण युरिया दिला कोणी? आबांनी तर दिलाच नव्हता. की दिला होता? गुलाबासाठी आणलेली पिशवी जिन्याखाली होती. उघडून पाहिली तर अर्धी झालेली. मीच देतो आणि मीच विसरतो की काय? त्यांनी भिंतीवर खडूनं खुणा करायला घेतल्या, झाडांना काही दिलं की एक रेघ. दुसऱ्या दिवशी शेवटची रेघ आजची की कालची, हेच आठवेना. अरे देवा, कुंदन म्हणतो ते खरंच आहे तर!

शनिवारी दुपारी डोळा लागेना, म्हणून ते गच्चीवर गेले. सून चारुलता कुंड्यांपाशी उकिडवी बसलेली. मुठीत पांढरे दाणे.

"चारू! अगं, युरियानं फळ धरत नाही, तुले माहीत नाही का?"

"माहीत आहे, आबा." तिनं मान वर केली नाही. "मीही शेतकऱ्याचीच पोर आहे. म्हणून तर देते."

आबांना काही उमगेना.

"फळं आली की तुम्ही जाणार. मागच्या साली केळीत पडलात, तर संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. आणि इथं मी दिवसभर बोलू कोणाशी? भिंतींशी?" ती रडायलाच लागली.

आबांना आधी संताप आला. महिनाभर या पोरीनं मला वेड्यात काढलं! मग हायसं वाटलं, डोकं शाबूत आहे आपलं. मग तिच्याकडे बघून जीव गलबलला. हे सगळं एकदमच होत होतं, आणि रागवावं की हसावं ते त्यांना समजेना. "रडू नको बावा," एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळी कुंदन वर आला. "काय आबा, टमाटे कुठं आहेत?"

चारुलता दाराशी उभी होती, चेहरा पांढराफटक. आबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं.

"माझाच हात चुकला रे," ते म्हणाले. "रोज युरिया देत गेलो, आणि दिल्याचं विसरत गेलो."