पेकिंगचे दोन मुत्सद्दी

त्या रविवारच्या जेवणातून शशिकांतरावांना मिळणार होता एक कोरा श्रोता. पुण्याहून आल्यापासून दोन महिन्यांत जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमधली सगळी मराठी घरं त्यांच्या पेकिंगच्या आठवणींनी पोळून निघाली होती; लोक आता फोनही उचलत नव्हते. सून मीनलला त्याच जेवणातून इन्स्टिट्यूटमधली कायमची नोकरी हवी होती. तिच्या प्रोफेसर, फ्राऊ लिन, सोमवारी त्या जागेसाठी निवडलेलं नाव कळवणार होत्या, आणि आज चीनहून आलेल्या वडिलांना घेऊन जेवायला येत होत्या.

शहात्तर साली आपला राजदूत पुन्हा चीनला गेला, तो म्हणे शशिकांतरावांनी दार किलकिलं केलं म्हणून. वकिलातीत त्यांच्याकडे खरं तर गाड्या आणि सामान होतं. हे मीनलला नवऱ्याने, कुमारने, लग्नाआधीच सांगून टाकलं होतं. स्थळातला दोष लपवू नये म्हणून.

म्हातारे लिन दारातच थबकले आणि चक्क हिंदीत ओरडले, "अरे शशिजी! उस काली गाड़ी का हीटर आखिर चला क्या?"

ते तिथे, वकिलातीत, दुभाषी होते. आपले ड्रायव्हर आणि त्यांचे मेकॅनिक, यांच्यामधले.

आता पितळ उघडं पडणार, असं मीनलला वाटलं. पण दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांना नीट जोखलं, आणि भाजी वाढेपर्यंत तह झाला. हीटर गेला, सीमाप्रश्न आला. लिनसाहेब नसते तर बोलणी फिसकटलीच होती. शशिजींनी एक शब्द उच्चारला, की चिनी मंत्री गप्प! तू मला मोठं म्हण, मी तुला म्हणतो. मीनल हे सगळं फ्राऊ लिनना जर्मनमध्ये सांगत होती. बापाचं मोठेपण ऐकून बाई विरघळत होत्या, म्हणून मीनलही पदरचा मीठमसाला घालत होती. खोटं दुसऱ्याचं, फायदा आपला.

मग गाडी मुलांवर आली. "मेरी बेटी मेरी कोई बात नहीं टालती," लिन म्हणाले.

शशिकांतराव मागे कसे राहणार? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवून मोकळे झाले. "हमारी बहू तो नौकरी छोड़कर पुणे आ रही है. हमारी सेवा करने."

मीनलने हे वाक्य जर्मनमध्ये न सांगता गिळलं. पण म्हातारे लिन अखेर दुभाषी होते. एवढी एकच ओळ त्यांनी मुलीला चिनीत सांगितली, शब्दही न गाळता.

"नाइन, नाही, असं काही ठरलेलं नाही!" मीनल घाईने म्हणाली.

"लाजते ती," सासरे इंग्रजीत म्हणाले. कुमार श्रीखंडाच्या वाटीत बघत राहिला.

पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, "अहो बाबा, हे कुठून काढलंत?"

"अगं, समोरच्यापेक्षा एक पाऊल पुढे टाकावं लागतं. मुत्सद्देगिरी आहे ती, तुला नाही कळायची."

सोमवारी फ्राऊ लिन फार मायेने बोलल्या. "आल्झो, तर मग, तुमच्या घरच्यांच्या आड मी येणार नाही." जागा दुसऱ्याला गेली.

शशिकांतरावांना मित्र मिळाला, म्हाताऱ्या लिनना लेकीच्या नजरेत मोठेपण, फ्राऊ लिनना पराक्रमी बाप, आणि कुमारला वाटीभर श्रीखंड. सगळ्यांचं बिल भरलं ते मीनलने: हातची नोकरी, आणि वर स्वतःच्याच तोंडाने रंगवून सांगितलेलं दीड तासाचं खोटं.