सांधा नसलेली मी

माझा आकार कुणाला सांगायचा नाही अशी सक्त ताकीद आहे. म्हणून एवढंच सांगते की मी हातभर लांब आहे, पोलादाची आहे आणि बोलतेय.

आवाजाच्या कितीतरी पट वेगाने जाणारं एक अस्त्र आहे. मी त्याची छोटी प्रतिकृती. आकाशात जाणार ते, मी नाही. मला एका बोगद्यात घट्ट आवळतात आणि तसल्याच वेगाचा वारा माझ्या अंगावर सोडतात. वारा अडवून धरणारा धातूचा पडदा फुटतो, भिंती हादरतात आणि पापणी लवायच्या आत सगळं संपतं. बाकीचं आयुष्य कपाटात, फोमच्या खाचेत.

मला एकाच ठोकळ्यातून कोरून काढलंय. अंगाला कुठे जोड नाही. दर चाचणीआधी पॉलिशवाले काका मला मांडीवर घेऊन घासायचे, फुंकर मारायचे, पुन्हा घासायचे. "आता कशी आरशासारखी झालीस," म्हणायचे. प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांचा तसा दंडकच होता, आणि त्यांच्या सरांचाही. का, ते विचारायची पद्धत नव्हती. पॉलिश झालं की मला हातमोजे घालूनच उचलायचे. उघडा हात मला क्वचितच लागला.

मग ती आली, कॉलेजातून थेट. सगळे ज्येष्ठ तिला घाईबाई म्हणायचे, कारण त्यांचा चहा निवायच्या आत तिचे प्रश्न सुरू व्हायचे. माझ्या अंगावर रंग फासायचं काम तिचं. हा रंग तापला की बदलतो. चटका कुठे बसला ते त्यावरून कळतं. रंग लावताना ती माझ्याशी बोलायची. दुसरं होतंच कोण? कामाबद्दल घरी अवाक्षर काढायची बंदी. आई फोनवर सारखी विचारायची, तू तिथे नक्की करतेस तरी काय? "वाऱ्याचं काम आहे गं," ती सांगायची. मग आई म्हणायची, स्वेटर घालत जा.

एकदा काका रजेवर असताना मला बोगद्यात बसवणाऱ्याचा पाना घसरला आणि माझ्या कुशीवर ओरखडा उठला. घासायला कुणी नव्हतं, म्हणून चाचणी तशीच उरकली. रंग बघितला तर ओरखड्याच्या मागे एक पट्टा पार करपलेला, आणि मागे जाईल तसा फाकत गेलेला. सगळ्यांनी ठरवलं, चाचणी वाया गेली. आकडे बाजूला काढले. काकांनी परत येऊन ओरखडा घालवला आणि पानेवाल्याला चार शब्द सुनावले.

ती मात्र त्या पट्ट्याचा फोटो घेऊन मोठ्या सरांसमोर उभी राहिली. तिचं म्हणणं सरळ होतं. खरं अस्त्र पत्रे जोडून बनतं. त्याला सांधे आहेत, आणि सांध्याला केसाएवढा का होईना उंचवटा राहणारच, आणि त्याच्या मागे असाच चटका बसणार. ही अखंड, त्यात घासूनपुसून गुळगुळीत, म्हणून दरवेळी पास होते. उड्डाणाआधी एक चाचणी खरखरीत अंगाने होऊ द्या.

सर हसले. "अगं, परीक्षेला जाताना मुलगी केस विंचरूनच जाते ना?"

"परीक्षा हिची नाहीये सर. आपली आहे."

सर म्हणाले, उड्डाणाची तारीख वरून ठरून आली आहे, आणि माझे केस या बोगद्यात पांढरे झालेत. परत येऊन ती रंगाचा ब्रश आपटत माझ्यापाशी पुटपुटली, "गच्चीवर बसून राहिले असते तरी पांढरेच झाले असते." मला हसता येत असतं तर मी हसले असते.

ठरल्या तारखेला अस्त्र उडालं आणि समुद्रावर अर्ध्या वाटेत फुटलं. फाटलं ते सांध्यापाशी. चौकशीला बाहेरची माणसं आली, तेव्हा सरांनी तिच्याकडे हात दाखवून सांगितलं, मी हिला म्हटलंच होतं, एकदा सांध्यांचंही बघून घे. तिने फक्त चाचणीची तारीख विचारून घेतली. तिला हवी असलेली चाचणी अखेर मिळत होती ना.

माझ्या कुशीवर तिने बारीक कणांची एक रेघ चिकटवली, सांध्यासारखी. काकांनी तोंड फिरवलं. पडदा फुटला. रंग तिने सांगितलं होतं तिथेच करपला. मग खऱ्या अस्त्राचे सांधे हलवले, कवच जाड केलं, आणि पुढचं उड्डाण नेमकं पोचलं. समुद्रात निशाण म्हणून नांगरलेलं एक रिकामं जहाज दुभंगलं.

त्या संध्याकाळी बाहेर टाळ्या वाजत होत्या. सरांनी सगळ्यांसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीने नाव काढलं, म्हणाले. ती केकची बशी घेऊन माझ्या खोलीत आली आणि बशी टेबलावर ठेवून दिली. पहिल्यांदाच तिने मला हातमोज्यांशिवाय उचललं. बोटं गार होती.

"चित्रफीत बघितली," ती म्हणाली. "जहाज आधी फुटतं. सगळं शांतच असतं. आवाज नंतर येतो. त्यावर माणसं असती तर त्यांना मान वर करायलाही वेळ मिळाला नसता." मग रेघ होती त्या जागेवरून तिने अंगठा फिरवला. "माझं ऐका, माझं ऐका म्हणून जीव काढला मी सगळ्यांचा. ऐकलं त्यांनी."

काही दिवसांनी तिने नोकरी सोडली असं पानेवाला काकांना सांगत होता. काका म्हणाले, आजकालची मुलं, टिकत नाहीत. मला राग आला. टिकून राहिलेल्यांनी तिला एवढं एकटं का पाडलं, ते कुणी विचारत नाही.

माझं काम संपलं. गुपित असल्यामुळे मला कुणाला दाखवता येत नाही, आणि तेवढ्यासाठीच भंगारातही देता येत नाही. कपाटाची किल्ली कुणाकडे आहे, मला माहीत नाही.

पोरी, तू कुठे आहेस तेही मला माहीत नाही. वारा सोडून दुसरं काही शोधलं असशील तर आईला ते खुशाल सांग. पण भांडायचं सोडू नकोस. 'कसं' यावर तू त्या म्हाताऱ्यांशी भांडलीस आणि जिंकलीस. 'कशाला' हे त्या खोलीत अजून कुणीच विचारलेलं नाही. मी विचारलं असतं गं, पण मला फक्त करपता येतं.