पडवीला काच

पहिली काच टेम्पोतून उतरली. दोघांनी ती पोत्याच्या गुंडाळीसकट अलगद उचलून मोसंबीच्या झाडाला टेकवली, तरी अण्णा पडवीतल्या बाकावरून उठले नाहीत. सिदू मिस्त्री बीडहून माणसं घेऊन आला होता. त्यानं एकदा घड्याळाकडं पाहिलं, एकदा अण्णांकडं, आणि मग वैष्णवीकडं.

"ताई, बाक सरकवायचा व्हता," तो हळूच म्हणाला.

"थांबा जरा," वैष्णवी म्हणाली आणि चप्पल काढून पडवीत चढली.

अण्णांची, म्हणजे राधाकिशन पाटलांची ही एकुलती एक मुलगी. संभाजीनगरला घरांचे नकाशे काढायची, जुनी घरं दुरुस्त करून द्यायची. दुसऱ्यांच्या वाड्यांची कामं करता करता तिनं आता आपल्या घराला हात घातला होता, आणि तेच अण्णांना सोसत नव्हतं.

उमापूरचं हे काळ्या दगडाचं घर अण्णांच्या आजोबांनी निजामाच्या राजवटीत बांधलं. बागेच्या अंगाची पडवी मात्र नंतरची, अण्णांच्या वडिलांनी, धर्मराज पाटलांनी काढलेली. सागाचे खांब, वर कौलं, पाठीशी घराची दगडी भिंत, आणि बाकी तिन्ही अंगांनी मोकळी. बागेच्या अंगाला दार नाही, खिडकी नाही. बागेतून येणारा माणूस थेट पडवीत पाय ठेवायचा.

"अण्णा, जुन्या दगडाला एक खिळासुद्धा मारणार नाही मी," वैष्णवी त्यांच्या शेजारी बसत म्हणाली. "काच खांबांच्या आतल्या बाजूनं येईल. बाहेरून बघितलं तर खांब तसेच दिसतील. उद्या नको वाटलं तर चौकट काढून ठेवता येईल."

"उद्याचं कशाला? मला आजच नको वाटतंय."

"आईला धुळीचा किती त्रास होतो. रस्ता झाल्यापासून सगळा फुफाटा इकडंच येतो."

"मग तिला आत बसू दे. आत काय कमी हाय?"

अण्णांनी खांबावर तळहात ठेवला. इतक्या वर्षांच्या पाठी टेकून टेकून त्या जागेचं लाकूड गुळगुळीत झालं होतं.

"दादा, तुझे आजोबा, म्हनायचे, पडवीला दार लावलं की माणूस इचारून येतो. अन् इचारून येणारा माणूस खरं बोलत न्हाई." ते किंचित हसले. "हितं भावाभावांच्या वाटण्या झाल्या. सोयरिकी जुळल्या. दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघायच्या, तर गाड्या बाहेर उभ्या करून माणसं आधी हितं टेकायची. म्हातारी माणसं गावात ठेवून चाललेली असायची ना. दादांना सांगायची, लक्ष ठेवा. दादा म्हनायचे, जा बिनघोर. बस्स, तेवढंच. मी त्या खांबाला टेकून ऐकत बसायचो. बागेत पाटाचं पाणी सोडलेलं असायचं, ओल्या मातीचा वास यायचा, अन् रेडिओ लागलेला. कुणी उठायचं नाव घ्यायचं न्हाई."

बोलता बोलता त्यांची नजर बागेत गेली. तिथं आता पाटाच्या जागी काळ्या नळ्या होत्या आणि मोसंबीची मोजकीच झाडं उरली होती.

"आता कुणी येत नाही, अण्णा," वैष्णवी म्हणाली. तिच्या आवाजात उलटून बोलण्याचा भाव नव्हता. "एक उत्तरेश्वरकाका सोडले तर."

"न्हाई येत. म्हनून काय जागा बुजवून टाकायची?" अण्णा उठले. "तुला न्हाई कळायचं. तू शाळेत जायला लागली तवर दादा गेलते. तुझ्या आईला इचार. ती सांगल तुला हितं काय व्हतं ते."

वैष्णवी काही सांगू पाहत होती, पण अण्णा तोवर आत गेले होते.

साखराबाई स्वयंपाकघरात पाटावर बसून मेथी निवडत होत्या. तोंडाला पदर लावलेला. बागेत टेम्पो मागंपुढं करताना उडालेली धूळ इथवर आली होती.

"वैष्णवीला जरा समजावून सांग," अण्णा दारातूनच म्हणाले.

"काय सांगू?"

"पडवीत आपले दिवस कसे गेले ते. कसं गजबजलेलं असायचं. माझं ऐकंना ती. तुझं ऐकल."

साखराबाईंनी एक जुडी सोडली, पानं वेगळी केली, काड्या बाजूला टाकल्या.

"मला काय ठाव?" त्या म्हणाल्या. "मी कवा बसले तिथं?"

अण्णा हसले. मग त्यांना वाटलं, ती गंमत करत नाहीये. ते चौकटीला धरून उभे राहिले आणि आठवू लागले. वडील आठवले, तक्क्या आठवला, बाकावर मावत नाहीत म्हणून पायरीवर बसलेली माणसं आठवली. त्या सगळ्यात साखराबाई कुठं होत्या? आतल्या दाराचा पडदा थोडा सरकायचा, चहाचं ताट धरलेला एक हात बाहेर यायचा. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. कुणीतरी उठून ताट घ्यायचं, आणि हात परत आत जायचा.

"दादांच्या वेळंचं मी समजतो," ते सावकाश म्हणाले. "पण पुढं? दादा गेल्यावर?"

"पुढं तुमी बसायला लागले. तुमच्या संगं तुमची माणसं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भाजी महाग झाली हे सांगावं तशा त्या सांगत होत्या. "झाडायला जायचे की मी सकाळी. कुणी यायच्या आत. झाडून झालं की घटकाभर बागेकडं बघायचे. मग तुमच्या खाकरण्याचा आवाज आला की आत."

"मी कवा नको म्हनलो?"

"तुमी नको बी न्हाई म्हनले. बस बी न्हाई म्हनले."

बाहेर सिदूची माणसं हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती. अण्णांनी घसा साफ केला, आणि तो आवाज स्वतःच्याच कानांवर पडून ते ओशाळल्यासारखे झाले.

"आता कोण हाय?" ते म्हणाले. "आता तर मोकळीच असती. बसायचं की. काच कशाला पायजे?"

"बसून बघितलं. तुमी बीडला गेलते तवा." साखराबाई पहिल्यांदा हसल्या. "न्हाई जमलं. सगळीकडनं उघडं वाटतं. वाटंनं कुणी चाललं की पाय आपोआप आत पळतेत. येवढी वर्षं तेच केलं ना."

"अन् काचंतून दिसायचं न्हाई व्हय?"

"दिसू द्या की. दिसायचं काय भ्या हाय मला." त्यांनी निवडलेली पानं परातीत ओढली. "दार असलं म्हंजी कसं, ते लावायचं का उघडायचं, माझ्या हातात राहतं."

अण्णांनी पडवीच्या दिशेनं पाहिलं.

"लेकीवर नका चिडू," साखराबाई म्हणाल्या. "धुळीचं तिनं आपलं तुमाला पटावं म्हनून सांगितलं. मीच म्हनले तिला, काच लाव."

अण्णा खाली वाकले. गुडघे कुरकुरले. परातीबाहेर पडलेली दोन पानं त्यांनी उचलून आत टाकली आणि ते बाहेर गेले.

पडवीत वैष्णवी खांबाजवळ उभी होती. तिनं वडिलांच्या चेहऱ्याकडं पाहिलं.

"ए सिदू," अण्णा म्हणाले, "त्या टोकाला धर. जड हाय बाक, एकट्यानं उचलायचा न्हाई."

आठवडा सरायच्या आत काम झालं. वैष्णवीनं सांगितल्याप्रमाणं खांब जसेच्या तसे राहिले, कौलांना धक्का लागला नाही. फक्त खांबांच्या मागं आता काचेत सकाळची बाग उमटलेली दिसायची, आणि ऊन कललं की ती नाहीशी होऊन आतलं सगळं दिसायचं. वैष्णवी जाताना आईला सरकतं दार उघडबंद करून दाखवून गेली. एका बोटानं सरकत होतं.

त्याच आठवड्यात एका दुपारी उत्तरेश्वर आला. अण्णांचा लहानपणापासूनचा दोस्त. बागेतून नेहमीच्या पावलांनी आला आणि काचेपुढं थबकला. आत साखराबाई बसल्या होत्या. तो चटकन वळला आणि झाडांना पाणी देणाऱ्या अण्णांकडं आला.

"हे काय बे राधाकिशन? दुकान टाकलं का काय?"

"बस," अण्णा मोसंबीच्या बुडाशी ठेवलेल्या दगडाकडं बोट करून म्हणाले.

"हितं? पडवीत कावून न्हाई?"

"तिथं ती बसलीय."

उत्तरेश्वरनं त्यांच्याकडं पाहिलं, काचेकडं पाहिलं. मग धोतर सावरून दगडावर बसला. दोघं लई वेळ बोलले. कुणाच्या पोराचं लग्न, कुणाच्या विहिरीचं पाणी, यंदा कोणकोणत्या टोळ्या गेल्या. चहा झाला नाही, आणि त्याची आठवण दोघांपैकी कुणीच काढली नाही.

उत्तरेश्वर गेल्यावर अण्णांनी पाणी बंद केलं. लग्नाची बातमी साखराबाईंना सांगावी म्हणून ते पडवीकडं निघाले. ऊन पार कललं होतं. काचेआड साखराबाई बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, नजर झाडांच्याही पलीकडं कुठंतरी. दार त्यांनी लावून घेतलं होतं.

त्यांचे ओठ हलत होते.

अण्णांना आधी वाटलं, आपल्याला हाक मारतेय. ते भरभर दोन पावलं पुढं गेले. मग त्यांना तिचा हात दिसला. मांडीवर एका लयीत तो पडत होता, उठत होता. मान किंचित डोलत होती. मधूनच त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या, आणि पुन्हा सुरू करायच्या, पहिल्यापेक्षा मोठ्यानं असावं, कारण गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. गाणं होतं की ओवी, की माहेरचं काही, कळायला मार्ग नव्हता. काचेतून काहीच ऐकू येत नव्हतं.

इतक्या वर्षांत अण्णांनी तिला गाताना कधी ऐकलं नव्हतं.

दार हाताच्या अंतरावर होतं. एका बोटानं सरकलं असतं. अण्णांनी हात पुढं केला, तो तसाच मागं घेतला, आणि पायांतल्या वहाणा काढून हातात घेऊन, वाळक्या पानांवर पाय पडू नये अशा बेतानं ते आल्या वाटेनं मागं फिरले.