कमान काढलेला ट्रॅक्टर

मित्रांनो, मी बुटका, रुंद चाकांचा आणि आता बऱ्यापैकी जुना झालेला ट्रॅक्टर आहे. माझं बॉनेट एका बाजूने चेपलं आहे, उजवा दिवा गेला आहे. टेकडीवर लाकूड तोडायला येणारी माणसं मला 'पाडणारा' म्हणतात, आणि तेही माझ्या तोंडावर. मी एका माणसाला कमरेखाली निकामी केलं, हे खरं आहे. ते कसं झालं, ते मात्र कागदावर खोटं लिहिलेलं आहे. म्हणून तुम्हाला सांगतो.

कारखान्यात मला शेवटची वस्तू बसवली ती लोखंडी कमान. बसायच्या जागेमागे, माणसाच्या डोक्याहून हातभर उंच, चार बोल्टांवर उभी. ट्रॅक्टर कलंडला तर ही कमान आधी जमिनीला टेकते आणि त्याला तिथेच अडवते. पट्टा लावून बसलेला माणूस कमानीच्या आत राहतो आणि वाचतो. ती बसवणारा फिटर म्हातारा होता. चौथा बोल्ट आवळून त्याने तिच्यावर थाप मारली आणि शेजारच्याला म्हणाला, "हिचं काम पडलं तर आयुष्यात एकदाच पडतं. पण तेव्हा ती जागेवर पाहिजे."

दुकानात मी चार महिने उभा होतो. माझ्या एका बाजूला उंच, रुबाबदार ट्रॅक्टर होता, दुसऱ्या बाजूला गवत कापायचं खेळण्याएवढं यंत्र. एके दिवशी दोन भाऊ आले. त्यांच्या वडिलांनी त्यांच्यासाठी झाडांनी भरलेली एक चढी टेकडी मागे ठेवली होती आणि तिथलं लाकूड खाली रस्त्यापर्यंत आणायला त्यांना पहिलाच ट्रॅक्टर घ्यायचा होता. थोरला आल्या आल्या त्या उंच ट्रॅक्टरवर चढून बसला. धाकटा त्याच्या मागे उभा राहिला. धाकट्याची बायको मात्र खांद्यावरची पिशवी सांभाळत, तीन वर्षांच्या मुलीचं मनगट घट्ट धरून, सगळ्यांची चाकं बघत फिरली. दुकानदार तिला वहिनी म्हणाला, म्हणून मीही तिला वहिनीच म्हणतो.

तिने पिशवीतून वही काढली. टेकडीवरच्या वाटेत दोन झाडं सगळ्यात जवळ कुठे आहेत आणि त्यांच्यामध्ये किती जागा आहे, ते तिने शिंप्याच्या टेपने मोजून आणलं होतं. चढ किती आहे, तेही अर्धी भरलेली पाण्याची बाटली आणि कोनमापक घेऊन काढलं होतं.

थोरला वरूनच हसला. "अगं, ट्रॅक्टर घेतोय आपण, कंपासपेटी नाही!"

"दादा, हा उंच आहे. उतारावर आडवा गेला तर पलटी खाईल. पुस्तिकेत लिहिलंय."

"पुस्तिका विकायची असते म्हणून लिहितात."

दुकानदारही हसला, पण गिऱ्हाईक जाईल म्हणून बेताने. वहिनीचे कान लाल झाले. तरी ती हटली नाही. हा चारही चाकांनी ओढतो का, याची चाकं बाहेर काढून रुंद करता येतात का, मागची कमान पक्की आहे का, असं एकेक विचारत ती माझ्यापाशी येऊन थांबली. मला रुंद करूनही त्या दोन झाडांमधून मी दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून जात होतो. धाकट्याने भावाकडे पाहिलं, मग बायकोकडे. म्हणाला, "दादा, हाच घेऊ. घरात भांडण नको."

अशी माझी निवड झाली. त्या दिवसापासून थोरल्याने तिचं नाव पुस्तकबाई ठेवलं.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. सकाळी वाफाळत उभा राहायचं, चढ सरळ चढायचा, ओंडके साखळीने बांधून सरळ खाली यायचं. धाकटा मला जपायचा. तेल बघायचा, चाकातला चिखल काडीने काढायचा. वहिनी ओट्यावरून बघत असायची. मी चालू झालो की ती आधी मुलीला शोधायची, मुलगी तिच्या कडेवर असली तरी शोधायची. मुलगी सापडली की मग नवऱ्याकडे बघून ओरडायची, "पट्टा!" धाकटा पट्टा लावून हात वर करून दाखवायचा. मला ते आवडायचं.

अडचण फांद्यांची होती. वाटेवरच्या झाडांच्या खालच्या फांद्या माझ्या कमानीला अडायच्या. कधी धाकटा वाकून जायचा, कधी मागे घेऊन दुसरीकडून काढायचा. एकदा कमानीने एक वाळकी फांदी मोडली आणि तिच्या पोकळीतल्या तांबड्या मुंग्या सगळ्या त्याच्या कॉलरमधून आत गेल्या. त्याने उडी मारली, शर्ट काढून फेकला आणि लाकूडतोड्यांसमोर उघडाच नाचायला लागला. सात-आठ माणसं पोट धरून हसली. थोरल्याला हसता हसता ठसका लागला.

"काय रे, पाळण्याची दांडी टोचली का? बायकोने पाळण्यात बसवून पाठवलंय तुला! अंगाई म्हणायला ती ओट्यावर आहेच."

पुढचे आठ दिवस हेच चाललं. धाकटा दिसला की कोणीतरी पाळणा झुलवल्यासारखा हात हलवायचं. लाकूडतोड्यांतला एक जण हलक्या आवाजात अंगाई गुणगुणायचा आणि थोरला त्याला गप्प करायचा नाही. नवव्या दिवशी धाकट्याने स्वतःच पाना आणला. थोरल्याने चारही बोल्ट काढले, धाकट्याने कमान धरली. माझ्या पाठीवर एकदम वारा लागला. पट्टाही त्या दिवसापासून बसायच्या जागेखाली गेला. दांडी नाही तर दोरी कशाला, असं थोरला म्हणाला.

काढलेल्या कमानीचं काय करायचं? थोरल्याने ती अंगणात दोन खुंटांना बांधली आणि वहिनीला हाक मारली. "पुस्तकबाई, घ्या. लेकीचे कपडे वाळत घाला. उपयोगी वस्तू आहे!"

वहिनीने नवऱ्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे माझ्या चाकापाशी, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"फांद्या काप ना. तुम्ही अख्खी झाडं पाडता रोज. चार फांद्या कापायला काय होतंय?"

"चार नाहीत, खूप आहेत. दादा म्हणतो, त्यात दोन दिवस जातील. लाकडाची गाडी येऊन उभी असते."

"दोन दिवस जाऊ देत."

"तू सगळ्यांसमोर ओट्यावरून ओरडतेस, त्याने माझं काय होतं, ते कळतं का तुला?"

तिने अंगणातल्या कमानीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ओरडणार नाही. तू कमान लाव."

त्या दिवसापासून ती ओरडली नाही. तिने शब्द पाळला. धाकटा मात्र रविवारी लावतो, रविवारी लावतो म्हणत राहिला. असे किती रविवार गेले ते मी मोजले नाहीत. कमानीवर छोटे झगे वाळत राहिले.

एका शनिवारी आभाळ भरून आलं होतं. शेवटची खेप उरली होती. थोरला खालून ओरडला, "वळसा घालत बसू नकोस, आडवा ये! पावसाच्या आत गाडी भरू."

धाकटा क्षणभर थांबला. तेवढ्यात खालून कोणीतरी पाळणा झुलवल्यासारखा हात हलवला. त्याने मला उतारावर आडवं घातलं.

पाचोळ्याखाली कापलेल्या झाडाचा बुंधा होता. माझं वरचं चाक त्यावर चढलं. मित्रांनो, मी जड आहे, आणि जड वस्तूला एकदा कल आला की ती स्वतःला आवरू शकत नाही. मी कुशीवर पडलो. कमान असती तर मी तिथेच टेकून थांबलो असतो. ती नव्हती. मी पुरता उलटलो. धाकटा माझ्याखाली होता. तो ओरडलाही नाही. फक्त एकदा "दादा" म्हणाला.

सगळे धावले. मला उचलायला आठ माणसं आणि दोन पहारी लागल्या. वहिनी चपला न घालता टेकडी चढून आली. तिने आल्या आल्या मुलीला एका लाकूडतोड्याच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हिचं तोंड तिकडे कर." मग ती नवऱ्यापाशी बसली. रुग्णवाहिका आली आणि दोघांना घेऊन गेली.

मला साखळीने ओढून अंगणात आणून उभं केलं. माणसं पांगली. थोरला एकटा राहिला. तो बराच वेळ हात डोक्यावर घेऊन माझ्या चाकापाशी बसला होता. रडत होता, हेही मी सांगायला हवं. मग तो उठला. कमानीवरचे झगे त्याने ओढून चिखलात टाकले, कमान सोडवली आणि तेच चार बोल्ट घालून माझ्यावर बसवली. त्यानंतर घण आणला आणि तिला ठोकायला लागला. वरच्या कोपऱ्यावर, बाजूंना, जिथे जिथे पडल्यावर लागलं असतं, तिथे. उलटताना मला जेवढं दुखलं नाही, तेवढं तेव्हा दुखलं. पट्टाही जागेखालून काढून वर ठेवला.

तिसऱ्या दिवशी वहिनी दवाखान्यातून कपडे न्यायला घरी आली. चिखलातले झगे तिने एकेक करून उचलले. मग माझ्याकडे पाहिलं. तिने बोल्टवर बोट ठेवलं, पोचे पाहिले. थोरला दारात उभा होता.

"दादा, ही इथे कशी?"

"होतीच की."

दोन महिन्यांनी अपघाताची चौकशी करायला एक साहेब आले. लाकूडतोड्यांना थोरल्याने त्या दिवशी बोलावलंच नव्हतं. तोवर धाकट्याला चाकाच्या खुर्चीवर घरी आणलं होतं. साहेबांनी माझ्याभोवती दोन चकरा मारल्या, फोटो काढले, वही उघडली.

वहिनी म्हणाली, "साहेब, कमान नंतर बसवलीय. त्या दिवशी तिच्यावर माझ्या मुलीचे कपडे वाळत होते."

थोरला म्हणाला, "तिची मनःस्थिती बरी नाही. झोप नाही हो तिला."

साहेबांनी खुर्चीकडे पाहिलं. "तुम्ही चालवत होता. तुम्हीच सांगा. कमान होती?"

धाकट्याने भावाकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं नाही. पायांवरची चादर नीट केली, पायांना कळत नव्हतं तरी.

"होती," तो म्हणाला.

"आणि पट्टा?"

"मी लावला नव्हता. बायकोशी भांडण झालं होतं, त्या विचारात होतो."

साहेबांनी तसं लिहिलं. माझ्यासमोर, माझ्याच बॉनेटवर वही टेकवून लिहिलं. वहिनी ते त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. साहेब गेल्यावर थोरला तिला म्हणाला, "बघ, सगळं नीट झालं. आता उगाच उकरू नकोस."

मी दुरुस्त होऊन आलो. मेकॅनिकने ठोकलेली कमान बदलून दुसरी बसवली. मला कोण चालवणार, असा प्रश्न होता. थोरला माझ्याजवळ येत नव्हता. एका सकाळी नाश्ता आटोपल्यावर वहिनीने मुलीला शेजारणीकडे सोडलं. धाकट्याची खुर्ची ढकलत तिने ओट्याच्या टोकाला आणली. तिथून टेकडीची वाट वरपर्यंत दिसते. खुर्चीच्या चाकांना तिने दोन्ही बाजूंनी दगड लावले.

"इथे कशाला?" त्याने विचारलं.

"मोज," ती म्हणाली.

तिने घड्याळ काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. मग लांब दांड्याची करवत माझ्यावर बांधली, बसली, पट्टा लावला आणि मला वाटेवर घातलं. कमान जिथे अडली तिथे तिने मला थांबवलं, बंद केलं, ब्रेक ओढला, चाकाखाली दगड ठेवला आणि खाली उतरून फांदी कापली. पुन्हा बसली, पुन्हा पट्टा. तिला सवय नव्हती. हाताला फोड आले, भुसा डोळ्यात गेला. मुंग्याही पडल्या. तिने त्या मानेवरून झटकल्या आणि पुढची फांदी कापली. एक लाकूडतोड्या मदतीला पुढे आला. ती म्हणाली, "नको. एका माणसाला किती वेळ लागतो, ते बघायचंय."

वरच्या झाडापर्यंत जाऊन आम्ही सरळ खाली आलो. कमानीला पानसुद्धा लागलं नाही. थोरला फाटकापाशी येऊन उभा होता. म्हणाला, "एकटीने कशाला केलंस? मला सांगायचं, माणसं दिली असती."

वहिनीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती ओट्यावर गेली.

"किती झाल्या?"

धाकटा खाली बघत होता. "एकोणीस."

"आणि वेळ?"

त्याने घड्याळ उलटं करून मांडीवर ठेवलं. ती वाट बघत उभी राहिली. शेवटी तिने स्वतःच ते उचलून पाहिलं.

"साडेतीन तास," ती म्हणाली. थोरल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. मग हातावरच्या फोडांवर पाणी घ्यायला आत गेली. खुर्चीच्या चाकांखालचे दगड तिने काढले नाहीत. धाकट्याला ते काढता येत नव्हते आणि थोरल्याचं ओट्यापर्यंत यायचं धाडस होत नव्हतं. समोर मोकळी झालेली वाट होती. ती बघत धाकटा दुपारभर तिथे बसला.

मित्रांनो, मला धुऊन-पुसून चकचकीत ठेवलंत तर मला बरं वाटेल, पण तेवढ्याने भागत नाही. आम्हा यंत्रांवर काही भाग असे असतात जे रोज नुसते अडतात आणि रोज निरुपयोगी वाटतात. ते काढायला कोणी पाना मागितला, तर तो देऊ नका. भोवतालची माणसं हसतील. त्यांना हसू द्या, आणि करवत घेऊन फांद्या कापायला जा.