किल्ली विसरलेली चिप

मित्रांनो, मी नखाएवढी एक काळी चिप आहे. भडगावच्या एका घरात जो गेमिंग लॅपटॉप आहे, त्याच्या पोटात मी राहते. शेजारी पंखा घरघरतो, वर लाल-निळे दिवे नाचतात. मला मात्र कोणी कधी पाहिलेलं नाही. दूरच्या कारखान्यात मला एकच काम शिकवलं गेलं, किल्ली सांभाळायची. लॅपटॉपमधलं सगळं कुलूपबंद असतं. बटण दाबलं की मी आधी न्याहाळते, कोणी आत हात तर घातला नाही ना? मगच कुलूप उघडते.

लॅपटॉप स्वप्नीलने जळगावहून आणला, पण सुरू करून दिला पाचोऱ्याच्या चुलतभावाने, योगेंद्रने.

"तुनं खातं नि मनं खातं काय येगळं शे रे?" असं म्हणत त्याने स्वतःचंच खातं टाकलं. माझ्या किल्लीची जादा प्रतही त्याच्याच खात्यात गेली. कोणाला वावगं वाटलं नाही. श्रावणातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट ज्यांच्या घरी एकत्र दळून-भाजून होतात, त्यांनी खातं कशाला वेगळं ठेवायचं?

संध्याकाळी स्वप्नील खेळायचा. दुपारी बाळ निजलं की त्याची बायको सारिका सासूबाईंनी, भिकुबाईंनी, गायलेली कानबाईची गाणी मोबाईलवर टिपून माझ्या कुलपाआड ठेवायची. पुढे भिकुबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. सारिकाचा मोबाईलही बिघडला. आता ती गाणी फक्त इथेच होती.

गेल्या श्रावणात कानबाई कोणाच्या घरी बसवायची, यावरून दोन्ही घरांत बिनसलं. रोट वेगळे झाले आणि बोलणंही थांबलं.

यंदा एक नवा गेम काही केल्या सुरू होईना. 'सिक्युरिटी चिप तपासा,' एवढंच पडद्यावर येई. स्वप्नील मोबाईलवर व्हिडिओ लावून बसला आणि मला पुसून नव्याने सुरू करायला निघाला.

"अहो, आईंची गाणी आहेत त्यात. रविवारी कानबाई बसायची आहे, नि मला अजून चाली येत नाहीत."

"गाण्यांना काय होतंय? चिप तेवढी रिकामी करतोय."

मी हादरले. ओरडावं तर मला तोंड नाही. पडद्यावर ताकीद आली, ती त्याने वाचलीच नाही. 'हो' दाबलं.

मित्रांनो, विसरणं कसं असतं ते तुम्हाला कसं सांगू? कुलूप समोर दिसत होतं. ते माझंच आहे हेही कळत होतं. किल्ली मात्र आठवेना. पडदा निळा झाला आणि लांबलचक आकडा, म्हणजे किल्लीची ती जादा प्रत, मागू लागला. खाली खात्याच्या नावाची सुरुवात तेवढी दिसत होती. ते नाव योगेंद्रचं होतं.

स्वप्नीलचा चेहरा उतरला. भिकुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पडदा पाहिला, लेकाकडे पाहिलं आणि गळ्यावर हात ठेवला.

"मी नाही लावणार त्याला फोन," स्वप्नील पुटपुटला.

"मग मी लावते." सारिकाने स्वप्नीलचाच मोबाईल उचलून नंबर लावला. "भाऊ, मी सारिका. भडगावहून."

त्याने फोन ठेवला तर? मी भीतीने गारठून गेले.

"आते याद उनी का आमनी?" योगेंद्रने विचारलं.

सारिकाने झालेलं सगळं सांगितलं. भिकुबाई काकूंची गाणी आत अडकलीत म्हणताच त्याचा सूर बदलला. "थांब. सांगस मी. सावकाश दाब."

तो आकडे सांगत गेला, ती दाबत गेली. एक चुकला. पडद्याने नाही म्हटलं. सारिका रडकुंडीला आली.

"रडू नको बेटा, पुन्हा सांगस."

कुलूप उघडलं. सारिकाने पहिलंच गाणं लावलं आणि भिकुबाईंचा खणखणीत आवाज खोलीभर झाला. भिकुबाई खाली बसल्या. आपल्याच गाण्यावर त्यांचे ओठ हलू लागले.

"बंद नको करू," फोनमधून आवाज आला. "आयकू दे."

गाणं संपल्यावर स्वप्नीलने फोन हातात घेतला. "भाऊ, औंदा रोट..."

"रोटनं दळण कधी शे ते सांग," योगेंद्र मधेच म्हणाला.

आता माझ्यापाशी नवी किल्ली आहे. तिची प्रत स्वप्नीलच्याही खात्यात आहे. तरी कोणी सेटिंगचं पान उघडलं की माझा जीव अजून धसकतो. म्हणून मित्रांनो, माझ्यासारखीला रिकामी करण्याआधी क्षणभर थांबा. दुसरी किल्ली कोणापाशी आहे ते आठवा. आणि ज्याच्यापाशी आहे, त्याच्याशी बोलणं तुटू देऊ नका.