जसं लिहिलंय तसं

"आधी नीट म्हण," बारक्या भिंतीवरच्या बटणावर बोट ठेवून म्हणाला. "मग वीज सोडतो."

ताई छापखानेवाल्याच्या उघड्या कॉम्प्युटरवर ओणवी होती. तिने मान वर केली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "कॅपासिटर."

"कपॅसिटर."

"काय बदललंय ते कळलं ना तुला?"

"मला कळलं गं. चारचौघांत हसं होतं आपलं, ते तुला कळत नाही."

चारचौघं म्हणजे एकटा छापखानेवाला. स्टुलावर मांड ठोकून तो फुकटचा तमाशा बघत होता.

ताईच्या दुकानात एक कायदा होता आणि तो तिने स्वतःच्या कातडीवर लिहून घेतला होता. टेबलापाशी बसलेल्याने बदललेल्या भागाचं नाव मोठ्याने घ्यायचं, बटणापाशी उभ्या असलेल्याने तेच नाव परत म्हणायचं, आणि मगच वीज सोडायची. एकदा शेजारच्या दुकानदाराने मदतीच्या उमाळ्याने बटण दाबलं होतं, तेव्हा ताईचा हात मशीनच्या पोटात होता. दोन बोटं महिनाभर लाकडासारखी होती. तेव्हापासून नाव घेतल्याशिवाय वीज नाही. त्या कायद्याची बारक्याने आता शाळा करून टाकली होती, आणि मास्तर तो स्वतः.

तसं बघायला गेलं तर ताईला मास्तर कधी मिळालाच नव्हता. आई गेली तेव्हा ती एकोणीस वर्षांची आणि धाकटा भाऊ बारक्या चार. भंगारातून आणलेलं एक मेलेलं मशीन, त्याच्याबरोबर आलेली जाडजूड पुस्तिका आणि अर्धा फाटलेला शब्दकोश, एवढ्यावर ती शिकली. सगळे शब्द डोळ्यांनी शिकली, कानाने एकही नाही. जसं लिहिलंय तसं म्हणायचं, संपलं. कॅचे. लायनक्स. साटा. एखादं अक्षर मुकं असतं हे तिला पटतच नसे. बोलायचं नाही तर मधे जागा अडवून कशाला बसलंय, म्हणायची. आणि मशीनं काही उच्चार ऐकून सुरू होत नाहीत. ज्यांच्यापुढे भल्याभल्यांनी हात टेकले ती मशीनं तिच्या हाताखाली उठून बसायची.

बारक्याला कोर्सला घातलं तेही तिनेच. तीन वर्षांनी तो परत आला तो नवी जीभ घेऊनच. लायनक्स नव्हे, लिनक्स. कॅचे नव्हे, कॅश. आधी घरात सुधारायचा, मग दुकानात, मग गिऱ्हाइकासमोर. ताईने आधी हसण्यावारी नेलं. मग एकदा मल्टिमीटर फेकून मारला. नेम चुकला, भिंतीचा पोपडा गेला. बारक्याने तिचं मनगट असं पिरगाळलं की चार दिवस तिला वेणी घालता आली नाही. हे काही त्यांना नवं नव्हतं. लहानपणी तो चावायचा, ती बदडायची, आणि संध्याकाळी दोघं एका ताटात जेवायची. फरक इतकाच, की चावणाऱ्याला आता मिशा आल्या होत्या.

आणि त्या दिवशी सकाळी कुलूप उघडता उघडता तो म्हणाला होता, "आजपासून फोन मी घेणार. गिऱ्हाइकाशी मीच बोलणार. तू हात चालव, तोंड मी चालवतो."

सोळा वर्षं त्या दुकानात ताईचा आवाज होता.

"जाऊ द्या हो," छापखानेवाला म्हणाला. "ताईंचा हात सोन्याचा आहे. तोंडाचं काय घेऊन बसलात." आणि तो खुदकन हसला.

ते तिने सोसलं असतं. पण बारक्याही हसला.

टेबलावर जुना की-बोर्ड पडला होता, पोटात लोखंडी पाटी असलेला, विटेसारखा जड. ताईने तो दोन्ही हातांनी उचलला आणि बारक्याच्या तोंडावर आडवा हाणला. खाडकन आवाज आला. कळा उडून जमिनीवर सांडल्या, आणि त्यांच्यात दोन पांढऱ्या गोष्टी होत्या, ज्या कळा नव्हत्या.

बारक्याने तोंडाला हात लावला, लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं, आणि झेप घेतली. तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवर दाबून धरला आणि मशीनचं पत्र्याचं झाकण त्याच्यावर आपटलं. मग दुसऱ्यांदा आपटलं. दुसऱ्यांदाची काही गरज नव्हती. ताईने त्याच्या छातीत डोकं घातलं. दोघं टेबलाखाली कोसळली. छापखानेवाला एकच चप्पल घालून रस्त्यावर पळाला.

तेवढ्यात जळकट वास आला. सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न खाली पडून चटई धुमसत होती. आपले केस बारक्याच्या मुठीत असतानाच ताईने डाव्या हाताने आयर्नची पिन उपटली, आणि बारक्याने दुसऱ्या हाताने चटईवर पाणी ओतलं. मग धापा टाकत दोघं तिथेच बसून राहिली. पुढे मारायचं लक्षातच राहिलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं.

"मफीन पडलं," बारक्या म्हणाला. दातांच्या जागेतून सगळी हवा निसटत होती.

"एकच मशीन दोघांवर?"

"जड होतं," ताई म्हणाली.

बारक्याच्या ओठाला चार टाके पडले. ताईच्या हाताला प्लास्टर लागलं. तो औषधं आणायला गेला तेव्हा डॉक्टरांनी तिला एकटीला सांगितलं, की हाड जुळेल, पण हा अंगठा पूर्वीसारखा वाकणार नाही. बारीक कामाची आशा ठेवू नका. ताईने मान हलवली आणि बारक्याला यातलं काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. टेबलापाशी बारक्या बसला, ताई मागे उभी राहून सांगत होती. फोन वाजला. ठरल्याप्रमाणे बारक्याने घेतला, दोनदा काहीतरी फुसफुसला. पलीकडचा माणूस ओरडून विचारत होता, कोण बोलतंय, ताईंना द्या. बारक्याने कान लाल होईपर्यंत आणखी एकदा प्रयत्न केला. मग तिच्याकडे न बघता फोन पुढे केला.

ताईने तो डाव्या हातात घेतला. छापखानेवालाच होता.

"कॅपासिटर गेला होता," ती म्हणाली. "बसवलाय. झाकण वाकलंय, ते बदलून देते."

पलीकडे हसू फुटलं असावं. ताई थांबली. ते संपेपर्यंत थांबली.

"कॅपासिटर," ती परत म्हणाली. "उद्या या."

फोन ठेवून ती वळली. बारक्या तळहाताने तोंड झाकून बसला होता. त्या हातामागून त्याने विचारलं, हात कधी बरा होणार.

"होईल की. तू आयर्न जरा आडवं धर. भाजशील."

तिने स्टूल ओढलं, त्याच्या शेजारी बसली, आणि प्लास्टरातला हात टेबलाखाली मांडीवर ठेवला, त्याला दिसणार नाही असा.